श्रीशंकर आज्ञेवरून : चौंडी ते इंदूर

पहिला दिवस : चौंडी

माझे यजमान गेले त्याला या कार्तिकात तीन वर्षे पूर्ण झाली. त्यांच्यामागे पुण्यातला आमचा लहानसा छापखाना मी चालवते. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पावतीपुस्तके, शाळांच्या स्मरणिका अशी कामे आमच्याकडे येतात. चार कामगार आहेत, एक जुने ऑफसेट यंत्र आहे आणि त्या यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचे बरेच हप्ते अजून फिटायचे आहेत. यंदा दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या ग्राहकाने छापून, बांधून तयार झालेले काम घेण्यास नकार दिला, कागदाचे पैसे अंगावर पडले आणि कामगारांचे पगार पहिल्यांदाच दहा दिवस उशिरा झाले. त्या दहा दिवसांत छापखाना विकून टाकण्याचा विचार माझ्या मनात इतका पक्का झाला होता की एका दलालाशी बोलणेही सुरू केले होते.

माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना मी ताई म्हणते, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना हे कळले तेव्हा त्या घरी आल्या, माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "विकायचा की ठेवायचा ते आल्यावर ठरव. आधी माझ्याबरोबर अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरला चल. मी तुला काही सांगणार नाही, तू फक्त बघ." मार्गशीर्षात दोन मुहूर्तांच्या मधले पाच दिवस मोकळे होते. ओळखीच्या चालकाची गाडी ठरवली आणि आम्ही निघालो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. यजमान रोजमेळाच्या प्रत्येक पानावर सर्वांत वर 'श्री' लिहीत, मग तारीख, मग शिल्लक. ते गेल्यापासून रोजमेळ मी लिहिते. तारीख लिहिते, शिल्लक लिहिते. पण तो 'श्री' माझ्या हातून उतरत नव्हता. देवावर राग होता असे म्हणवत नाही. ज्याचे नाव वर लिहायचे त्याच्याशी माझे बोलणे थांबले होते, एवढेच खरे.

भिगवण, राशीन, कर्जत करत दुपारी आम्ही जामखेड तालुक्यातल्या चौंडीस पोहोचलो. सीना नदीच्या काठचे हे गाव. ३१ मे १७२५ रोजी गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला, त्याला नुकतीच तीनशे वर्षे पूर्ण झाली आहेत. मुलींना अक्षर शिकवण्याची रीत नव्हती त्या काळात माणकोजींनी लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले. पुढे तिच्या आयुष्यात राज्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार आले, त्या सगळ्याचा पाया या खेड्यातल्या पाटलाच्या ओसरीवर घातला गेला होता. ताईंनी मला तो वाडा दाखवताना नेमक्या एवढ्याच गोष्टीवर बोट ठेवले आणि बाकी काही सांगितले नाही.

मल्हारराव होळकरांनी पुण्याच्या वाटेवर मुक्काम असताना आठ वर्षांच्या या मुलीला देवळात पाहिले आणि खंडेरावांसाठी सून म्हणून मागणी घातली, ही कथा मराठी घरांत लहानपणापासून ऐकलेली असते. आपण बहुधा तिथेच थांबतो, कारण गोष्ट गोड आहे. देवळाच्या पायरीवर बसून मला मात्र तिच्या पुढच्या वर्षांची यादी आठवत राहिली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या माऱ्याने खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाईंचे वय २८ होते. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी, म्हणजे ज्यांचा एकुलता एक मुलगा त्याच दिवशी गेला होता त्या बापाने, सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि तिला मागे फिरवले. त्या वेळी त्यांनी तिला दिला तो दिलासा म्हणजे काम होते. माझ्या सांत्वनाला आलेल्या माणसांनी मला 'आता विश्रांती घ्या' असे सांगितले होते. यंत्र बंद राहू नये म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला छापखान्याची किल्ली हातात देणाऱ्या एकट्या ताई होत्या. हे तीन वर्षांनी, चौंडीच्या पायरीवर, मला प्रथमच नीट आठवले. ताई शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना काही बोलले नाही, त्यांचा हात तेवढा धरला.

दुसरा दिवस : वेरूळ

रात्रीचा मुक्काम छत्रपती संभाजीनगरला केला आणि सकाळी लवकर घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेलो. लेणी पाहण्यासाठी येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत आम्ही देवळात होतो.

घृष्णेश्वराचे देऊळ लाल दगडाचे आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, पुढे ते पुन्हा ढासळले, आणि अठराव्या शतकात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि त्यांच्यामागून अहिल्याबाई यांनी ते पुन्हा उभे केले. जवळच असलेल्या शिवालय तीर्थाच्या पायऱ्या आम्ही उतरलो. चारही बाजूंनी रेखीव दगडी पायऱ्या उतरत जातात आणि त्यांच्या टप्प्यांवर लहान लहान देवळ्या आहेत. हे कुंडही अहिल्याबाईंनी बांधून काढले. पायरीचा एक चिरा मी हाताने चाचपून पाहिला. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात माझ्या नखालाही शिरायला जागा नव्हती.

कोणी एकदा उभारले, ते पडले; दुसऱ्याने उभारले, तेही पडले; तिसऱ्या पिढीतल्या सासू-सुनांनी ते पुन्हा हाती घेतले. काशी विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभे केले, सोमनाथचे १७८३ मध्ये आणि गयेचे विष्णुपद १७८७ मध्ये. ज्या जागी आधीची देवळे उद्ध्वस्त झाली होती, तिथेही त्यांनी हात घातला. 'हेही पुन्हा पडले तर' हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नसेल असे मला वाटत नाही. तो येऊनही त्यांनी गवंड्यांना पैसे पाठवले.

दुपारी कन्नडचा घाट उतरून चाळीसगाववरून धुळ्याला मुक्कामाला आलो.

तिसरा दिवस : तापी ते नर्मदा

हा दिवस सगळा रस्त्यात गेला. शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली, पळासनेरपाशी महाराष्ट्राची हद्द संपली, सेंधव्यानंतर रस्त्याकडेच्या पाट्यांवरची भाषा बदलली. अठराव्या शतकात होळकरांचे घोडदळ याच मुलखातून दक्षिणोत्तर जात-येत असे.

गाडीत ताई मल्हाररावांच्या पत्रांविषयी बोलत होत्या. १७६५ मधल्या एका पत्रात त्यांनी सुनेला चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जाण्याची, तोफखाना बरोबर ठेवण्याची आणि दारूगोळ्याचा बंदोबस्त करण्याची आज्ञा केली आहे. विधवा सुनेला सासऱ्याने लिहिलेले हे पत्र आहे, हे ध्यानात घेऊन ते वाचले म्हणजे मल्हाररावांनी अकरा वर्षे तिला कशी घडवली ते कळते. पुढच्याच वर्षी, मे १७६६ मध्ये, मल्हारराव आलमपूरला वारले. गादीवर अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव बसला आणि वर्षही पुरे होण्याआधी, १७६७ मध्ये, तोही गेला. नवरा, सासरा, मुलगा, असे तेरा वर्षांत तिघेही गेले.

त्यानंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि राघोबादादांना फौजेनिशी बोलावले. ते क्षिप्रेच्या काठी येऊन थांबले. त्या वेळी अहिल्याबाईंनी स्त्रियांची फौज उभी केली आणि 'मी हरले तर कोणी हसणार नाही, आपण हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही' अशा अर्थाचा निरोप धाडला, असे परंपरेने सांगतात. त्याच वेळी त्यांनी महादजी शिंद्यांसारख्या सरदारांकडे मदत मागितली आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागून कारभाराची मान्यता मिळवली. निरोपाची गोष्ट आपल्याला आवडते. मला मात्र त्या पत्रांचे अप्रूप अधिक वाटले. मुलगा जाऊन काही महिने झालेले असताना कोणाला काय लिहायचे, कोण आपल्या बाजूने उभे राहील, याचा विचार करत बसलेली बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. सैन्याची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपवली आणि कारभार स्वतःकडे ठेवला.

खलघाटला नर्मदेचा पूल लागला तेव्हा ताईंनी गाडी हळू घ्यायला सांगितली आणि आम्ही दोघींनी बसल्या जागी हात जोडले. धामनोदवरून वळून सूर्यास्ताच्या आधी महेश्वर गाठले.

चौथा दिवस : महेश्वर

पहाटे घाटावर गेलो. किल्ल्याच्या तटापासून थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या पायऱ्या, वर अहिल्येश्वराचे देऊळ, समोर संथ आणि प्रचंड रुंद नर्मदा, पात्राच्या मधोमध एका खडकावर उभे असलेले बाणेश्वराचे छोटे देऊळ. बायका अंघोळ करून ओल्या पायऱ्यांवर पिंडीला पाणी घालत होत्या. घाटाच्या दगडांत अनेक ठिकाणी शिवलिंगे कोरलेली आहेत, त्यामुळे पाऊल जपून टाकावे लागते.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही वर राजवाड्यात गेलो. राजवाडा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्यातले इथे काही नाही. लाकडी खांब, उतरते कौलारू छप्पर, ओसरी, आणि एका बाजूला अहिल्याबाईंची गादी. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या, खात्यापित्या घराचा वाडा याहून मोठा असतो. ज्या बाईने काशी, सोमनाथ आणि गयेला देवळे बांधली, ती स्वतः इथे राहिली.

त्या वाड्यातच लिंगार्चन चालते. अहिल्याबाईंच्या काळी सुरू असलेली ही पूजा आजही रोज होते, आणि हेच पाहण्यासाठी ताईंनी मला इतक्या लांब आणले होते. काही ब्राह्मण लाकडी पाट पुढ्यात घेऊन ओळीने बसलेले असतात. शेजारी मळून मऊ केलेल्या काळ्या मातीचा गोळा असतो. चिमूटभर माती घ्यायची, दोन बोटांत वळायची, पाटावर टेकवायची, माथ्यावर तांदळाचा एक दाणा ठेवायचा, की एक शिवलिंग झाले. मग त्याला लागून दुसरे, मग तिसरे. पाट एका कडेपासून भरत जातो. बोटे थांबत नाहीत आणि घाईही करत नाहीत. माझ्या समोरच्या वृद्ध ब्राह्मणाची तर्जनी टोकाला किंचित वाकडी झाली होती, आणि तिच्या नखात काळी माती कायमची बसलेली दिसत होती. छापखान्यात आमच्या जुन्या यंत्रचालकाच्या नखांतली शाई अशीच कधी निघत नाही.

हजारो लिंगे झाली, मंत्र झाले, अभिषेक झाला, आरती झाली. मग ते सगळे पाट घाटावर नेले आणि त्या सगळ्या लिंगांचे नर्मदेत विसर्जन केले. माती पाण्यात विरघळली, तांदळाच्या दाण्यांवर मासे आले. पाट धुऊन आणले आणि उद्यासाठी भिंतीला उभे करून ठेवले.

त्या वृद्ध ब्राह्मणाला मी विचारले की पावसाळ्यात नर्मदेला पूर येतो तेव्हा काय करता. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि सांगितले, "तेव्हा वरच्या पायरीवरून विसर्जन करतो."

मी तिथेच एका खांबाला टेकून पुष्कळ वेळ बसले. गेली तीन वर्षे मी मनाशी असे धरून चालले होते की श्रद्धा म्हणजे दुःख कमी करणारे काहीतरी असते, आणि माझे दुःख कमी होत नाही त्या अर्थी माझी श्रद्धा उरलेली नाही. अहिल्याबाईंचे दुःख कमी झाल्याची एकही खूण त्यांच्या चरित्रात दिसत नाही. उलट ते वाढतच गेले. त्यांचा तरुण नातू गेला. त्यानंतर जावई यशवंतराव फणसे गेले. चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करणाऱ्या शूर माणसालाच आपली मुलगी देईन असा पण करून त्यांनी हा जावई निवडला होता. आणि १७९१ मध्ये मुक्ताबाई, त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्यामागे सती गेली. ज्या बाईला सासऱ्याने चितेवरून मागे फिरवले होते, तिला स्वतःच्या लेकीला मागे फिरवता आले नाही. वय ६६ होते. त्यानंतरही चार वर्षे, १३ ऑगस्ट १७९५ रोजी याच महेश्वरात देह ठेवीपर्यंत, त्या कारभार पाहत होत्या.

त्यांच्या दिवसाची रीत प्रसिद्ध आहे. पहाटे उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, थोडी विश्रांती आणि मग दरबार, जिथे कोणालाही येऊन गाऱ्हाणे मांडता येत असे. संध्याकाळी पुन्हा पूजा आणि रात्री उशिरापर्यंत पुन्हा कामकाज. पूजा झाल्यावर काम, काम झाल्यावर पूजा. त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' असे, आणि राज्यकारभार 'श्रीशंकर आज्ञेवरून' चाललेला. ताईंनी शाळेत हे वाक्य शेकडो वेळा शिकवले असेल आणि मीही ते पूर्वी वाचले होते. पण ते नम्रतेचे एक सुंदर वचन आहे, यापलीकडे मी कधी गेले नव्हते. त्या खांबाला टेकून मला प्रथमच वाटले की ही त्यांच्या कामाची व्यवस्थाच होती. राज्य शंकराचे आहे आणि आपण त्याच्या वतीने पाहणाऱ्या आहोत, असे ज्या बाईने मनोमन धरले, तिला आपले माणूस गेले म्हणून दुसऱ्या दिवशीचा दरबार बंद ठेवण्याचा अधिकार उरत नाही. हे कठोर आहे, आणि मला वाटते त्यातच तिचा आधारही होता. रोज मातीपासून देव घडवायचा, त्याची मनापासून पूजा करायची, तो पाण्यात सोडायचा आणि उद्या पाट धुऊन पुन्हा बसायचे, हे ज्या वाड्यात रोज चालत होते, तिथल्या धनिणीला शेवटपर्यंत टिकून राहण्याचे बळ कुठून आले असेल हे मला वेगळे कोणी सांगायला नको होते.

दुपारी मागावर गेलो. महेश्वरात विणकर आणून वसवले ते अहिल्याबाईंनीच. पाहुण्यांना देण्यासाठी नऊवारी लुगडी आणि पागोट्यांचे कापड इथे विणले जाई. पुढे हा धंदा मोडकळीला आला होता, तो १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेहवा या संस्थेने पुन्हा उभा केला, आणि आज गावात पुष्कळ घरांत माग चालतात. काठांवरच्या नक्षीत घाटाच्या आणि किल्ल्याच्या भिंतीवरचे चटईचे, विटेचे आणि नर्मदेच्या लाटेचे नमुने असतात. बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. माग चालवणाऱ्या एका बाईंनी साडी उलटी करून दाखवली आणि कोणती बाजू सुलट ते मला ओळखायला सांगितले. मला ओळखता आले नाही. विटेच्या काठाची, हळदी रंगाची एक साडी ताईंसाठी घेतली.

संध्याकाळच्या आरतीला घाटावर बसलो असताना मी छापखान्यात फोन केला आणि दलालाला सध्या काही कळवू नका असे सांगितले.

पाचवा दिवस : जामदरवाजा, महू, इंदूर

परतीसाठी इंदूरहून रात्रीच्या गाडीचे आरक्षण होते आणि चालकाला तिथूनच निरोप द्यायचा होता. मंडलेश्वरवरून विंध्य चढून जाणारी वाट घेतली. घाटमाथ्यावर जामदरवाजा आहे. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावर अहिल्याबाईंनी बांधलेले हे दगडी प्रवेशद्वार. सज्ज्यात उभे राहिले की सगळे निमाड पायाखाली पसरलेले दिसते. तिथल्या फलकावर बांधकामाचे साल वाचले : १७९१.

ताईंनीही ते त्याच क्षणी वाचले असावे, कारण दोघी एकदमच गप्प झालो. मुक्ताबाई गेली तेच हे साल. त्या वर्षीही महेश्वरच्या वाड्यातून गवंड्यांचा, पाथरवटांचा आणि चुन्याचा हिशेब लिहिला जात होता. वारा फार होता, तरी आम्ही तिथे बराच वेळ उभ्या राहिलो.

पुढे महू लागते. १४ एप्रिल १८९१ रोजी इथल्या लष्करी छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्या जागी आता पांढऱ्या दगडाचे भव्य स्मारक आहे. मी मुद्दाम लिहिते आहे ते त्यांच्या वडिलांबद्दल. सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, घरात रोज भजन आणि पाठ होत असे. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत असताना ते रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासासाठी उठवत आणि तोवर स्वतः जागे राहत. स्मारकात नातवाला कडेवर घेऊन आलेले एक आजोबा त्या मुलाचे दोन्ही हात आपल्या हातांनी जोडून देत होते. ताई म्हणाल्या, "चौंडीचा पाटील आणि हा सुभेदार, दोघांनीही लेकरांना आधी अक्षर दिले." पाच दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलेला हा एकच निष्कर्ष.

इंदूरला राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्याला नमस्कार केला. आसपासच्या दुकानांत मराठी बोलणारी माणसे सहज भेटतात. एका मराठी बाईंच्या खानावळीत जेवलो आणि त्यांनी ताटात आग्रहाने आणखी एक पोळी वाढली.

गाडीला तीन तास अवकाश होता. स्थानकाच्या प्रतीक्षालयात ताईंनी नवी साडी उशाशी घेऊन डोळे मिटले. मी पिशवीतून वही काढली. प्रवासाचा खर्च गेले चार दिवस चिठ्ठ्यांवर टिपलेला होता, तो रोजमेळात उतरवायचा होता. छापखान्यातून फोन आला. दिनदर्शिकेच्या प्लेटा तयार आहेत, पहिला फर्मा उद्या सकाळी लावू का, असे विचारत होते. आठ वाजता लावा, मी दहापर्यंत पोहोचते, असे मी सांगितले. मग नवे पान उघडले, सर्वांत वर मधोमध 'श्री' लिहिले, खाली तारीख घातली आणि आदल्या दिवसाची शिल्लक पुढे ओढली.